तडकलेल्या भागाला कोणतं वेल्डिंग लावायचं?

नवीन इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घरात आलं की आठवड्याभरात ओळखीचे लोक तुटकंफुटकं घेऊन दारात उभे राहतात. कुणाच्या कल्टिव्हेटरची फ्रेम तडकलेली, कुणाच्या पंपाचा कान, म्हणजे बोल्ट बसवायचा बाहेर आलेला भाग, तुटलेला, कुणाच्या मोटारसायकलचा ॲल्युमिनियमचा चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं कवच, दगडावर आपटून फुटलेला. हातात एक मशीन आणि ६०१३ नंबरच्या साध्या वेल्डिंग रॉडचं एक पाकीट. नवशिका तेच तिन्हींना वापरतो. फ्रेम बऱ्यापैकी टिकते. पंपाचा कान दुसऱ्या दिवशी वेल्डच्या शेजारून नव्यानं तडकतो. चेंबरवर तर काही बसतच नाही, भोक तेवढं मोठं होतं.

यात हात खराब नव्हता, निवड चुकली होती. कोणतं वेल्डिंग करायचं हे आपल्याकडे कोणतं मशीन आहे यावर ठरत नाही. ते धातूवर ठरतं, तडा कशामुळे गेला यावर ठरतं, आणि भाग पुन्हा तुटला तर कुणाला इजा होईल यावर ठरतं. त्याच क्रमानं जाऊ.

पायरी १: धातू कोणता ते बघा

आधी चुंबक लावा. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम, पितळ, स्टेनलेस किंवा क्रशरच्या जबड्यात असतं तसलं मँगनीज पोलाद असू शकतं. चिकटला तर पोलाद किंवा बीड, म्हणजे कास्ट आयर्न. खरी गल्लत इथेच होते, कारण रंग दिलेला असला की दोन्ही सारखेच दिसतात.

बीड ओळखायला छिन्नी पुरते. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर धारदार छिन्नीनं हलका घाव घाला. साध्या लोखंडाची, म्हणजे एमएसची, साल निघते आणि ती वळते. बिडाची साल निघत नाही, बारीक कण गळतात आणि बोटाला काळं लागतं. ते काळं म्हणजे ग्राफाइट. ग्राइंडर लावला तर एमएसच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि सरळ जातात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर असतात. ठिणगी फुटून तिचं झुडूप होत असेल तर कार्बन जास्त आहे असं समजा. कमानपाटे, काही शाफ्ट आणि अवजारांची पाती या वर्गात येतात. ॲल्युमिनियमच्या ठिणग्या उडतच नाहीत आणि ते चाकात भरतं, म्हणून त्याला वेगळं चाक ठेवा.

शिवाय भागाचा आकारही बोलतो. वाळूच्या साच्याचा खरखरीत पृष्ठभाग, उठावदार अक्षरं, मधोमध जोडाची रेघ दिसली की तो ओतीव भाग. पण ओतीव म्हणजे बीडच असं नाही. ओतीव पोलाद असतं, आणि आपल्या फाउंड्रीवाले ज्याला एसजी म्हणतात ते चिवट बीडही असतं. दोरीला टांगून ठोकलं तर साधं बीड बद्द वाजतं, एसजी आणि पोलाद टणटणतं.

कार्ब्युरेटरची बॉडी किंवा स्वस्त हँडल राखाडी, जड आणि चुंबकाला न चिकटणारं असेल तर ते बहुधा जस्ताचं मिश्रण असतं. ते ४०० अंशांच्या आतच वितळतं. त्याच्या नादी लागू नका.

पायरी २: तडा का गेला?

तुटलेला पृष्ठभाग घासून साफ करण्याआधी नीट बघून घ्या. एका कोपऱ्यापासून निघालेल्या वक्र रेघा, त्या भागात जुना गंज आणि उरलेल्या भागात ताजा खरखरीत तुकडा असं दिसलं तर धातू थकून तुटला आहे. म्हणजे चीर कित्येक दिवस हळूहळू वाढत होती आणि शेवटी उरलेल्या जाडीला भार पेलवला नाही. सगळाच पृष्ठभाग ताजा आणि खरखरीत असेल तर एकदम आघात बसलेला असतो.

थकून गेलेला तडा नुसता भरून दिला तर तो परत येणार. पंपाचा पाय तडकला असेल तर फाउंडेशनचे बोल्ट ढिले आहेत का, मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का, पाइपचं वजन पंपाच्या तोंडावर लटकतंय का हे बघा. बिचारा पंप सगळी पाइपलाइन खांद्यावर घेऊन उभा असतो आणि दोष ओतकामाला मिळतो. कल्टिव्हेटरच्या फ्रेममध्ये चीर बऱ्याचदा जुन्या वेल्डच्या टोकापासून किंवा गॅसनं कापलेल्या ओबडधोबड भोकापासून सुरू होते. ते टोक घासून गुळगुळीत करणं हाही दुरुस्तीचाच भाग.

पायरी ३: नाही म्हणायची यादी

स्टिअरिंगचे सांधे, टाय-रॉड, ब्रेकचे भाग, चाकाची रिम, उचलण्याचे हुक, गॅस सिलिंडर. यांना हात लावू नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. कमानपाटा आणि रोटाव्हेटरची पाती उष्णता देऊन कडक केलेली असतात. वेल्डच्या कडेला ती ठिसूळ होतात आणि जरा पुढे मऊ पडतात, म्हणून नवीनच घ्यायची. बॉयलरच्या कामाला कायद्यानं प्रमाणित वेल्डर लागतो.

पेट्रोल-डिझेलची टाकी किंवा रासायनिक द्रव्याचं पिंप रिकामं दिसलं तरी आत वाफ असते, आणि एका ठिणगीनं त्याचा स्फोट होतो. पाण्यानं विसळलं म्हणजे झालं हा समज जिवावर बेततो.

मधल्या वर्गातले भागही असतात. उसाच्या ट्रॉलीचा ड्रॉबार हे त्याचं ठळक उदाहरण. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या भरून रस्त्यावर जाणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रॉबार सुटला तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय होईल याचा विचार करा. हे काम होतं, पण भार घेणाऱ्या भागांच्या ७०१८ रॉडनं (तो पायरी ५ मध्ये येतो), सराव झालेल्या हातानं. शिकणाऱ्यानं त्यावर हात साफ करू नये.

आणि बिडाच्या भागाबद्दल एक हिशेबाची गोष्ट. नवीन भाग केवढ्याला पडतो ते आधी विचारा. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फाउंड्र्या भरपूर आहेत, आणि पंपाचं केसिंग बंद झालेल्या मॉडेलचं असलं तरी नमुना देऊन ओतून घेता येतं. दिवसभराची मजुरी आणि निकेलचे रॉड मिळून नव्या ओतकामाच्या जवळ खर्च जात असेल तर दुरुस्ती कशाला?

पायरी ४: तड्याची तयारी

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून सगळे टाळतात. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा चीर लांब असते. डाय पेनेट्रंटचे स्प्रे मिळतात: साफ केलेल्या भागावर लाल रंग मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुसून काढा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारा. चीर लाल रेघ होऊन उमटते. त्या रेघेच्या खऱ्या टोकाच्या किंचित पुढे ३ ते ६ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकदार चीर गोल भोकात आली की ताण विखुरतो आणि उष्णतेनं ती पुढे पळत नाही.

मग चीर पूर्ण खोदून काढा. वरून रन, म्हणजे वेल्डचा एक पट्टा, मारून झाकलेली चीर आत तशीच राहते. दोन्ही बाजू मिळून ६० ते ९० अंशांचा व्ही, म्हणजे इंग्रजी V सारखी खाच, करा. एमएसला ग्राइंडर चालतो. बिडाला मात्र ग्राइंडरचं चाक ग्राफाइट पृष्ठभागावर चोपडतं, म्हणून शेवटचा हात कार्बाइड बरनं (ड्रिलसारखं फिरणारं दातेरी टोक), छिन्नीनं किंवा खरखरीत कानशीनं फिरवा.

तेल-ग्रीस काढायला ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरत असाल तर डब्यावरचे घटक वाचा. क्लोरीन असलेल्या द्रावणाची वाफ आर्कजवळ, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताजवळ, आली की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा असेल तर मुलामा घासून काढा आणि धूर तोंडावर येणार नाही असं उभं राहा.

भाग ट्रॅक्टरवरच असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. क्लॅम्प मागच्या चाकाला आणि वेल्डिंग पुढच्या टोकाला असं केलं तर करंट वाटेतल्या बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडतो. महिन्याभरानं बेअरिंग आवाज करू लागतं, तेव्हा वेल्डिंग कुणाच्या लक्षातही नसतं.

पायरी ५: धातूप्रमाणे पद्धत

*एमएस: साधा रॉड, कधी सीओटू*

फ्रेम, ट्रॉलीचा सांगाडा, दरवाजा, स्टँड यांना साधं आर्क वेल्डिंग पुरतं. रॉडवरचा आकडा वाचायला शिका. ६०१३ मधले पहिले दोन अंक म्हणजे वेल्डची ताणशक्ती, हजार पाउंड प्रति चौरस इंचांत, किमान ६०. तिसरा अंक १ असेल तर रॉड कोणत्याही स्थितीत चालतो. ६०१३ चटकन पेटतो, हाताला सोपा आहे. २.५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर आणि ३.१५ च्या रॉडला ९० ते १३० ठेवून भंगाराच्या तुकड्यावर आधी हात चालवून बघा.

जाड, भार घेणाऱ्या भागाला ७०१८ घ्या. त्याच्या वेल्डमध्ये हायड्रोजन कमी जातो. वेल्डमध्ये अडकलेला हायड्रोजन काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कडेला चीर पाडतो. काम गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर. पण हा रॉड ओलावा ओढतो. कोकणात पावसाळ्यात उघडं ठेवलेलं ७०१८ चं पाकीट म्हणजे नुसत्या नावाचं ७०१८. रॉड बहुतेक ३०० ते ३५० अंशांवर तासभर तरी भाजावे लागतात. नेमकं तापमान पाकिटावर असतं. भट्टी नसेल तर छोटं हवाबंद पाकीट घ्या आणि फोडलं की संपवा. रॉड डीसीच्या प्लसवर लावा आणि आर्क आखूड ठेवा. लांबलचक बारीक एक्स्टेन्शन वायरवर, संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असताना तो चिकटत राहणार, त्याचा राग रॉडवर काढू नका.

वरून पट्टी मारून मजबुती द्यायची असेल तर चौकोनी तुकडा आडवा मारू नका. आडव्या वेल्डच्या रेषेतच पुढची चीर पडते. पट्टीची टोकं निमुळती, शंकरपाळ्यासारखी कापा.

सीओटू वेल्डिंग, म्हणजे गॅसच्या आडोशात आपोआप सरकणाऱ्या तारेनं केलेलं, पत्र्याला आणि पातळ पाइपला छान. काम भराभर होतं, वेल्डवरची खपली (स्लॅग) काढायला नको. पण उघड्या शेतात वारा गॅस उडवतो आणि वेल्डमध्ये भोकं राहतात. दुसरा धोका जास्त फसवा आहे: जाड प्लेटवर कमी करंटनं मारलेला रन दिसायला सुबक असतो, पण खालच्या धातूत शिरलेलाच नसतो. शेतातल्या जाड अवजाराला मी तरी रॉडच सुचवेन.

*कार्बन जास्त असलेले शाफ्ट*

ईएन ८ सारख्या पोलादात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. थंड शाफ्टवर रन मारला तर कड काचेसारखी ठिसूळ होते. १५० ते २५० अंशांपर्यंत तापवा, ७०१८ वापरा आणि नंतर राखेत किंवा ग्लास वूलमध्ये गुंडाळून हळू निवू द्या. ईएन २४ सारखं मिश्रपोलाद असेल तर नवीन शाफ्ट करवून घ्या.

*बीड: इथे घाई नको*

घरातला बिडाचा तवा खाली पडला की वाकत नाही, फुटतो. बिडाची सगळी कहाणी त्यात आली. त्यात कार्बन साधारण २.५ ते ४ टक्के, आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला. साधं बीड ताणलं तर एक टक्काही लांबत नाही. वेल्ड थंड होताना आकसतो आणि शेजारचा धातू ओढतो. पोलाद थोडं ताणलं जाऊन निभावतं, बीड तडकतं. त्यातच साधा रॉड वापरला की तो बिडातला कार्बन शोषून घेतो आणि इतका कडक होतो की ड्रिल त्यावर नुसतं किंचाळतं.

तरी बिडाचं वेल्डिंग होतं. १९१७ साली अमेरिकेनं जप्त केलेल्या जर्मन जहाजांची बिडाची सिलिंडरं जर्मन खलाशांनी आधीच फोडून ठेवली होती. अमेरिकन नौदलानं ती मोठ्या प्रमाणावर इलेक्ट्रिक वेल्डिंगनं दुरुस्त केली आणि त्याच जहाजांतून सैनिक युरोपला नेले. तेव्हा आपल्या पंपाचा कान काही अशक्य नाही. तीन वाटा आहेत.

पहिली वाट थंड पद्धत, निकेलच्या रॉडनं. नवशिक्यानं इथून सुरुवात करावी. निकेल मऊ राहतं, कार्बनबरोबर कडक संयुग बनवत नाही आणि आकसताना थोडं ताणलं जातं. पातळ भाग आणि नंतर मशीनिंग करायचं असेल तर जवळजवळ शुद्ध निकेलचा रॉड. जाड भाग, एसजी किंवा बीड आणि पोलाद यांचा जोड असेल तर सुमारे ५५ टक्के निकेलचा, निकेल-लोखंडाचा रॉड. महाग आहेत, पण बऱ्याच ठिकाणी सुटे मिळतात.

भाग जुना असेल तर बिडात तेल मुरलेलं असतं. गॅसच्या ज्वालेनं हळूहळू सगळा भाग तापवा, वर आलेलं तेल पुसा, धूर थांबेपर्यंत. मग हाताला सोसवेल इतका थंड होऊ द्या. बारीक रॉड, कमीत कमी चालेल तेवढा करंट, आणि एका वेळी फक्त २०-२५ मिलिमीटरचा रन. रन संपला की खड्डा भरून मगच रॉड उचला. लगेच, रन लाल असतानाच, बॉलपीन हातोडीच्या गोल बाजूनं हलके हलके ठोका. त्यानं वेल्ड पसरतो आणि ओढ कमी होते. मग थांबा. उघडा तळवा शेजारी ठेवता आला की पुढचा रन, तोही आधीच्याला चिकटून नाही, दुसऱ्या टोकाला. पहिल्या रनमध्ये भोकं दिसली तर तेल अजून आहे; खोदून काढा आणि परत मारा. कान बसवायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या. पाणी ओतून थंड करायचा मोह ज्याला आवरत नाही त्यानं बीड हातात घेऊ नये.

दुसरी वाट गरम पद्धत. अख्खा भाग भट्टीत ५५० ते ६५० अंशांपर्यंत, अंधारात मंद लाल दिसेल इतका, तापवायचा, गरम असतानाच बिडाच्या रॉडनं गॅस वेल्डिंग करायचं आणि रात्रभर भट्टीतच निवू द्यायचं. रंग आणि ताकद मूळ बिडासारखी मिळते. पण हे भट्टीवाल्याचं काम आहे. एकच कोपरा तापवून गरम पद्धत केली म्हणणारे लोक तडा दुसरीकडे हलवतात, एवढंच.

तिसरी वाट पितळेची, म्हणजे ब्रेझिंग. हिची किंमत लोकांना कमी वाटते, हे मला पटत नाही. पितळेची सळई ९०० अंशांच्या आसपास वितळते, बीड त्याहून बऱ्याच वर. म्हणजे बीड वितळतच नाही, पितळ त्याला धरून बसतं, आणि कडक कड तयार होण्याचा धोका बराच कमी. रुंद व्ही करा, भाग सगळीकडून सारखा तापवा, टाकणखाराचा फ्लक्स लावा, आधी पितळेचा पातळ थर पसरवून घ्या आणि मग भरा. पांढरा धूर येऊ लागला तर जास्त तापलं, पितळेतलं जस्त जळतंय. पंपाचा कान, मशीनचा पाय, हँडव्हील यांना ही पद्धत उत्तम. इंजिनाच्या एक्झॉस्टला चालत नाही, तिथे उष्णतेनं पितळेची ताकद जाते. आणि एकदा पितळ भरलं की पुढे त्याच जागी निकेलचा रॉड धरत नाही, सगळं पितळ खोदावं लागतं. म्हणून आधी ठरवा.

इंजिन ब्लॉकला वॉटर जॅकेटच्या बाजूनं चीर असेल तर वेल्डिंगच नको. चिरेवर एकमेकांत घुसणारी भोकं पाडून, आटे काढून पिना बसवणारे मेटल स्टिचिंगचे कारागीर असतात. त्यात उष्णताच नाही.

*ॲल्युमिनियम: आर्गन वेल्डिंग, पण मशीन बघून*

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. वरची साल घट्ट आणि आत धातूचं पाणी, शिवाय वितळण्याआधी रंग बदलत नाही. एसी करंट तो थर फोडतो, म्हणून ॲल्युमिनियमला एसी असलेलं आर्गन (टिग) मशीन लागतं. स्वस्त इन्व्हर्टरवर आर्गनची सोय लिहिलेली असते ती बहुतेक वेळा फक्त डीसीची. स्टेनलेसला चालेल, चेंबरला नाही. विकत घेण्याआधी हे विचारा. चेंबरसारख्या ओतीव भागाला सिलिकॉन असलेली ४०४३ ची तार वापरतात. स्टेनलेसच्या नव्या ब्रशनं घासा, १०० अंशांच्या आसपास तापवा, मुरलेलं तेल बाहेर येईपर्यंत वितळवा-घासा हे दोनतीनदा करा. भाग ॲल्युमिनियमहून फारच हलका वाटला तर मॅग्नेशियम असू शकतं आणि त्याचा चुरा पेट घेतो. तिथे थांबा.

*बाकीचं थोडक्यात*

३०४ जातीच्या स्टेनलेसला ३०८एल रॉड, स्टेनलेस आणि एमएसचा जोड असेल तर ३०९एल. क्रशरच्या मँगनीज पोलादाला बिडाच्या उलट नियम: तापू द्यायचं नाही, छोटे रन मारून थंड ठेवायचं.

पायरी ६: झाल्यावर

डोळ्यांची काळजी वेल्डिंगच्या आधीच घ्यायची असते: साध्या रॉडला १० किंवा ११ नंबरची काच. रात्री डोळे झोंबायला लागले तर बटाट्याच्या चकत्या ठेवून बसू नका, डॉक्टरांकडे जा. अंगावर सुती कपडे घाला, नायलॉन कातडीला चिकटतं.

वेल्ड निवल्यावर खपली काढून कड बघा, आणि परत दुसऱ्या दिवशी बघा, उशिरा पडणाऱ्या चिरा तेव्हाच दिसतात. पेनेट्रंट उरलं असेल तर वापरा. नसेल तर वेल्डच्या एका बाजूला चुन्याचा पातळ हात देऊन वाळू द्या आणि दुसऱ्या बाजूनं थोडं रॉकेल लावा. तासाभरात पांढऱ्यावर डाग उमटला तर चीर आरपार आहे. पंपाचं केसिंग असेल तर तोंडं बंद करून पाण्याचा दाब द्या, हवेचा नको, कारण हवेच्या दाबानं फुटलेलं बीड तुकडे होऊन उडतं. ओल दिसली नाही की इंपेलर (पंपाचं आतलं चाक) बसवा आणि पाइपलाइनला तिचा स्वतंत्र टेकू द्या.